कापणारं टूल आणि आधार एकाच अंगात: लांब पिनांसाठी रोलर बॉक्स वापरल्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

जॉब ड्रॉइंगवर अगदी निरुपद्रवी दिसत होता. डोकं असलेली पिन: डोकं १६ मिमी व्यासाचं आणि ६ मिमी जाड, दांडा ८ मिमी व्यासाचा आणि १२० मिमी लांब, दांड्याच्या टोकाला २० मिमीवर एम८चे आटे. माल सी४५, म्हणजे मध्यम कार्बनचं पोलाद, १६ मिमीच्या ब्राइट बारमध्ये. डोक्याच्या व्यासाला हात लावायचा नव्हता, तो बारचाच. दांड्याला एच९ टॉलरन्स, म्हणजे ८.००० ते ७.९६४ मिमी. डोकं आणि दांडा यांच्यातला रनआउट, म्हणजे दांडा फिरवताना डोकं किती डगमगतं ते, ०.१ मिमीच्या आत हवा. नग ४००.

नियोजन माझ्याकडे होतं. मी ड्रॉइंगवरची टॉलरन्स पाहिली, ३६ मायक्रॉन म्हणजे काही फार नाही असं म्हटलं आणि जॉब सेंटर लेथवर, म्हणजे साध्या लेथवर, टाकला. लांबी व्यासाच्या पंधरा पट आहे, हे दिसलं होतं. पण दुसरं टोक धरायला टेलस्टॉक आहे ना, मग काय, असा विचार केला. सगळं प्रकरण या एका विचारापासून सुरू झालं.

अडचण

बारचे तुकडे कापले, एका टोकाला घट्ट पकडणारा चक, दुसऱ्या टोकाला रिव्हॉल्व्हिंग सेंटर (जॉबबरोबर फिरणारा टोकदार आधार), आणि १६ वरून ८ वर पाच कटांमध्ये उतरायचं असं ठरलं. पहिल्याच नगाचा दांडा मधे फुगलेला आला. टोकाजवळ ७.९८, डोक्याजवळ ७.९८, मध्यावर ८.०५. ऑपरेटरने शेवटचा कट हलका केला, तर चॅटर, म्हणजे जॉबची थरथर, सुरू झाला. दांड्यावर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी उठली आणि मशीनचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू यायला लागला. स्पीड कमी केला की चॅटर थांबे, पण फिनिश खरखरीत. मग सुरू झाला एमरी पेपरचा कार्यक्रम: मधला फुगीर भाग हाताने घासून मापात आणायचा. पहिल्या ३० नगांपैकी ११ बाद झाले आणि एका नगाला जवळजवळ पंधरा मिनिटं लागत होती.

फुगवटा का येतो, हे गणिताने पाहणं सोपं आहे. ८ मिमीचा १२० मिमी लांब दांडा एका बाजूला चकमध्ये घट्ट आणि दुसऱ्या बाजूला सेंटरवर टेकलेला असेल, तर मध्यावर १०० न्यूटनचा आडवा रेटा त्याला साधारण ०.०४ मिमी वाकवतो. जॉब टूलपासून ०.०४ दूर सरकला की व्यासात ०.०७ ते ०.०८ जास्त राहतो. आमच्या मायक्रोमीटरवर नेमकं तेच दिसत होतं. टोकांना आधार आहे, तिथे माप बरोबर; मध्यावर आधार नाही, तिथे पोट.

पर्याय

पहिला पर्याय म्हणजे ट्रॅव्हलिंग स्टेडी. ती सॅडलवर, म्हणजे टूल वाहून नेणाऱ्या सरकत्या भागावर, बसते, टूलबरोबर चालते आणि तिचे दोन जबडे जॉबला मागून आणि वरून धरतात. कापताना टूल जॉबला मागे आणि वर ढकलतं, म्हणून आधार त्याच दोन जागी. आमच्याकडे स्टेडी होती आणि तिने काम झालंही असतं. पण प्रत्येक कटाला व्यास बदलतो, म्हणजे प्रत्येक कटाला जबडे पुन्हा लावायचे. पाच कट गुणिले ४०० नग म्हणजे दोन हजार वेळा जबडे लावायचे. हातात कसब असलेला माणूस दहा नग सुरेख काढेल, शंभराव्या नगाला तोही कंटाळेल.

दुसरा, सरकत्या हेडस्टॉकच्या ऑटोवर, म्हणजे ऑटोमॅटिक लेथवर, बाहेर काम द्यायचं. तिथे बार गाइड बुशमधून, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या नळीतून, येतो आणि टूल बुशच्या तोंडाशीच कापतं, त्यामुळे जॉब कितीही लांब असला तरी कापण्याच्या जागी आधार असतोच. ४०,००० नग असते तर दुसरं काही बघितलंच नसतं. ४०० नगांसाठी कोणी रांगेत पुढे घेत नव्हतं.

तिसरा, जाडसर टर्न करून ग्राइंडिंग. पण ग्राइंडिंगच्या आधी दांडा मापाच्या जवळ आणावा लागतोच, म्हणजे मूळ दुखणं तिथेच राहतं.

चौथा पर्याय कोपऱ्यात धूळ खात होता. आमच्याकडे एक जुनं कॅपस्टन लेथ आहे, म्हणजे टेलस्टॉकच्या जागी अनेक टूल बसणारा फिरता टरेट असलेलं. त्यावर तेव्हा फक्त टॅपिंग, म्हणजे भोकात आटे पाडणं, चालायचं. त्याच्या ड्रॉवरमध्ये एक रोलर बॉक्स होता. तो दाखवला काकांनी. कॅपस्टनवर आयुष्य काढलेला माणूस. सगळं शॉप त्यांना काकाच म्हणतं. मी स्टेडीबद्दल बोलत होतो तेव्हा ते ड्रॉवर ओढून म्हणाले, "स्टेडी आणि टूल वेगवेगळं कशाला? हे घ्या, दोन्ही एकातच आहे."

रोलर बॉक्स काय करतो

ज्यांनी वापरला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा एक पोकळ बॉक्स असतो, टरेटच्या तोंडावर बसतो आणि बारच्या टोकावरून पुढे चालत जातो. एका बाजूला कापणारं टूल, समोरच्या बाजूला दोन कडक, ग्राइंड केलेले रोलर. टूलचा सगळा रेटा जॉबमधून सरळ रोलरमध्ये जातो, म्हणजे टूल ढकलतं आणि रोलर तिथल्या तिथे अडवतात. जॉबच्या उरलेल्या लांबीला या भांडणाची खबरही लागत नाही.

रोलर टूलच्या पुढे लावता येतात किंवा मागे. पुढे लावले तर ते न कापलेल्या बारवर चालतात, आणि बारचा वाकडेपणा, लंबगोलपणा सगळा कापलेल्या भागात उतरतो. मागे लावले तर ते नुकत्याच कापलेल्या पृष्ठभागावर चालतात आणि जाता जाता त्याला दाबून गुळगुळीत करतात. फिनिश इतकी येते की ग्राइंड केलंय का असं लोक विचारतात. आम्ही रोलर मागे लावले, टूलच्या नाकाच्या साधारण १ मिमी मागे. त्याच्या पुढे रोलरची कड गेली तर ती न कापलेल्या खांद्यावर आदळते.

पहिला खरा निर्णय: एक कट की अनेक

इथे माझं आणि काकांचं जमेना. मी म्हणत होतो, १६ वरून ८ म्हणजे एका बाजूला ४ मिमीची डेप्थ, तीन कटांत विभागू. त्यांचं म्हणणं, एकाच कटात. कारण विचारलं तर म्हणाले, "असंच करतात." त्या उत्तराने माझं समाधान होईना, म्हणून कागद घेतला.

टूल टोकाकडून चककडे येत असतं. टूलपासून चकपर्यंतचा जो भाग वाकतो, तो एकाच कटात उतरताना अजून पूर्ण १६ मिमीचा असतो. पहिल्या दोन कटांत व्यास ९ वर आणला असेल, तर तिसऱ्या कटाला तोच भाग ९ मिमीचा उरतो. कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. १२० मिमी बाहेर काढलेल्या १६ मिमीच्या बारच्या टोकाला १०० न्यूटन लावले तर तो साधारण ०.०८५ मिमी वाकतो. ९ मिमीच्या दांड्याला फक्त ३० न्यूटन लावले, म्हणजे अगदी हलका कट, तरी तो ०.२५ मिमीच्या वर वाकतो. एक तृतीयांश रेटा, तिप्पट वाक. सेंटर लेथवर शेवटचा कट हलका केल्यावर चॅटर का वाढला, तेही याच कागदावर कळलं.

म्हणजे जाड माल पाठीशी असतानाच सगळं काढून घ्यायचं, आणि त्या मोठ्या कटाचा रेटा रोलरवर सोडायचा. ४ मिमी डेप्थ आणि ०.१५ मिमी फीड (जॉबच्या एका फेरीत टूल पुढे सरकतं ते अंतर) म्हणजे चिपचं क्षेत्र ०.६ चौरस मिमी. या पोलादाला दर चौरस मिमीला २००० ते २५०० न्यूटन धरले तर मुख्य रेटा १२०० ते १५०० न्यूटन. रोलरशिवाय हा कट घ्यायची कल्पनाही करवत नाही. काकांचं बरोबर होतं. आता कारणही हाती लागलं.

काय केलं आणि काय चुकलं

एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल, ५०० आरपीएम, म्हणजे १६ मिमी व्यासावर मिनिटाला २५ मीटर. बार १६ मिमीच्या कोलेटमध्ये, म्हणजे बारभोवती आवळणाऱ्या चिरा पाडलेल्या नळीत.

रोलर मागे असले की सुरुवातीला एक पेच येतो. टूल टोकाला लागतं तेव्हा रोलरच्या खाली अजून काही नसतं. म्हणून आधी टोकाला मापाची एक छोटी स्टेप लागते. रोलर तिच्यावर टेकवायचे आणि मग पुढे जायचं. मी सोपा मार्ग काढला. बार फक्त २५ मिमी बाहेर काढला, पुढच्या टूलपोस्टवरच्या टूलने ८ मिमीची १२ मिमी लांब स्टेप केली, कोलेट सैल केलं, बार १३५ मिमी बाहेर ओढला, कोलेट आवळलं आणि बॉक्स चढवला. बार आखूड असताना स्टेप काढली तर ती नेमकी येईल, हा हिशेब.

पहिला दांडा निघाला तो आरशासारखा. टोकाला ७.९८, मध्यावर ७.९८, डोक्याजवळ ७.९८. मी दहा नग काढायला सांगितलं आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तेव्हा तपासणीच्या टेबलावर पिन व्ही-ब्लॉकमध्ये (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यात) ठेवलेली होती आणि डोक्यावर डगमग दाखवणारा डायल लावलेला होता. पिन फिरवली की काटा पाव मिमी जात होता. दहाही नगांचं तेच.

बॉक्स व्यास राखतो; अक्ष कुठे जाईल हे तो ठरवत नाही. तो फक्त रोलरच्या खाली असलेल्या पृष्ठभागाच्या मागोमाग जातो. कोलेट सैल करून पुन्हा आवळलं की बार अगदी त्याच जागी बसत नाही, आणि तोंडाशी झालेला बारीक फरक १३५ मिमीवर मोठा होतो. स्टेप एका पकडीची, कट दुसऱ्या पकडीतला. टूल स्टेपच्या मागे गेलं, डोकं मात्र कोलेटचं ऐकत होतं. मी फक्त मायक्रोमीटर लावला होता, आणि मायक्रोमीटरला हा दोष दिसूच शकत नाही.

मार्ग त्याच कागदातून निघाला. बार आधीच पूर्ण १३५ मिमी बाहेर काढायचा, कोलेट पुन्हा उघडायचंच नाही, आणि स्टेप तिथेच काढायची. फक्त टोकाचे १२ मिमी बारीक होणार, मागचा सगळा बार १६चाच. त्यामुळे हलक्या कटांना तो पुरेसा कडक असतो. सहा हलके कट, शेवटचा नुसता कातडं उतरवणारा, मग मायक्रोमीटर. नगामागे मिनिटभर वाढलं, पण रनआउट ०.०४ ते ०.०६ मध्ये आला. टोकाच्या २० मिमीवर नंतर आटेच पडणार होते, त्यामुळे त्या भागाच्या फिनिशची चिंता नव्हती.

रोलर लावायची रीत अशी ठरली: मशीन बंद, बॉक्स स्टेपवर, एक रोलर टेकवायचा, मग दुसरा, आणि स्पिंडल हाताने फिरवून पाहायचं. दोन्ही रोलर फिरले पाहिजेत, पण बोटाने अडवले तर थांबले पाहिजेत. एक रोलर फिरतो आणि दुसरा नाही, म्हणजे आधार एकाच बाजूने आहे.

पुढची कटकट चिपची. ४ मिमी रुंद चिप लांब वेटोळं होऊन निघते आणि बॉक्स अरुंद. साधारण विसाव्या नगाला दांड्यावर बारीक खड्डे दिसले. भिंगाखाली ते दोन ओळींत होते, एकमेकींच्या समोरच्या बाजूंना, एका ओळीतल्या दोन खड्ड्यांत साधारण पाऊण मिमी. हे मोजणं वाया गेलं नाही. रोलर २० मिमीचा, जॉब ८ मिमीचा. म्हणजे जॉबच्या अडीच फेऱ्यांना रोलरची एक फेरी. ०.१५ फीडने अडीच फेऱ्यांत पुढे सरकणं ०.३७५ मिमी, आणि अर्ध्या फेरीच्या फरकामुळे खड्डा एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. एका बाजूला दर पाच फेऱ्यांनी, म्हणजे ०.७५ मिमीवर. दोष टूलमध्ये नाही, एका रोलरवर काहीतरी चिकटलंय हे नक्की झालं. काढून पाहिला तर चिपचा एक कण रोलरच्या अंगाला वितळल्यासारखा बसला होता. ऑइलस्टोनने उतरवला. टूलवर चिप तोडणारी खाच घातली, आणि कूलंटचा एक पाइप टूलवर, दुसरा थेट रोलरवर सोडला. आपल्याकडे बहुतेकदा एकच पाइप टूलवर असतो आणि रोलर कोरडे राहतात.

परतीच्या वेळी टूल दांड्यावर सर्पिल रेघ ओढत होतं. बॉक्सला टूल मागे घ्यायचा लीव्हर असतो. आमच्या लीव्हरची पिन झिजली होती. नवी पिन बसवली, रेघ गेली.

परिणाम

दुरुस्तीनंतर एका नगाला, आटे धरून, साधारण सहा मिनिटं लागली. माप बहुतेक वेळ ७.९७ ते ७.९९ मध्ये. ४०० नग वेळेत गेले. बाद झाले ते मुख्यतः माझ्या पहिल्या दहा नगांच्या आणि खड्ड्यांच्या वेळचे. सेंटर लेथवरचे ११ मी धरत नाही, ते आधीच भंगारात गेले होते.

एक गोष्ट मात्र उशिरा कळली. सुमारे चाळीस नगांनंतर टूल झिजतं आणि कापलेला व्यास वाढायला लागतो. पण मागचे रोलर ८ वरच घट्ट बसलेले असतात. ते जादा माल दाबून खाली बसवतात, त्यामुळे मायक्रोमीटर बराच वेळ ७.९९च दाखवत राहतो. खरी खूण वेगळी होती: दांडा नेहमीपेक्षा जास्त चमकायला लागला, रोलर हाताला गरम लागायला लागले, आणि एका नगावर कातडीचे पातळ पापुद्रे सुटलेले दिसले. चमक वाढली म्हणून आम्ही खूश होतो, तेव्हाच टूल बोथट झालेलं होतं. त्यानंतर दर तीस नगांना टूल काढून घासायचं ठरलं, माप बरोबर असलं तरी.

पुन्हा करायचं झालं तर

पहिला नग निघाल्यावर मायक्रोमीटरच्या आधी व्ही-ब्लॉक आणि डायल. व्यास हे बॉक्सचं बलस्थान आहे, तिथे तो चुकण्याची शक्यता सर्वांत कमी. जिथे तो आंधळा आहे तिथे आधी बघायला हवं होतं.

वाकण्याचं गणित मी ११ नग बाद झाल्यावर केलं. दहा मिनिटांचं काम होतं. जॉब घेतानाच केलं असतं तर सेंटर लेथवर गेलोच नसतो.

रोलर वापरण्याआधी तपासले नाहीत. ड्रॉवरमध्ये किती वर्षं पडून होते कोण जाणे. एकाची बेअरिंग घट्ट होती आणि ती आम्ही तेल घालून चालवली. नवी घालायला हवी होती. चिपचा कण त्याच रोलरवर चिकटला, आणि रोलर अडखळत फिरत होता म्हणूनच तो चिकटला असावा असा माझा अंदाज आहे.

एका मुद्द्यावर आमचं अजूनही एकमत नाही. काका म्हणतात, बार १६ ऐवजी १८ मिमीचा घेतला असता तर डोकं आणि दांडा एकाच पकडीत काढता आले असते आणि रनआउटचा प्रश्न उद्भवलाच नसता. खरं आहे, पण मग एका बाजूला ५ मिमी काढायचं, चिप आणखी रुंद, आणि त्या अरुंद बॉक्समधून ती जाईल का याची मला खात्री नाही. पुढच्या वेळी हाच जॉब आला तर दोन्ही बारांवर पाच-पाच नग काढून बघायचं ठरलं आहे. बॉक्स आता ड्रॉवरमध्ये नाही. तो टरेटवरच असतो, आणि त्याच्या अंगावर मार्करने लिहिलंय: "आधी स्टेप. कोलेट उघडू नका. दर ३० ला टूल."